रंग उडाला, पण घाण गेली का? चांदी चढवलेल्या टायटॅनियाबद्दल वाचकांचे प्रश्न

टायटॅनियम डायऑक्साइडच्या (म्हणजे टायटॅनियाच्या) नॅनोकणांवर चांदीचे बारीक ठिपके चढवायचे, ती पूड दूषित पाण्यात ढवळायची, वरून अतिनील प्रकाश टाकायचा आणि पाण्यातले सेंद्रिय रेणू मोडून काढायचे, या विषयावर महाविद्यालयांतून आणि कापड प्रक्रिया उद्योगातून बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

आधी तत्त्व थोडक्यात. टायटॅनियाच्या ॲनाटेज रूपावर सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात जातो आणि मागे धन भाराची रिकामी जागा, म्हणजे होल, उरते. होल पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील रेणुतुकडे) तयार करतो, इलेक्ट्रॉन विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतो आणि यातून निघालेले मूलक सेंद्रिय रेणू कुरतडत जातात. अडचण अशी की बहुतेक इलेक्ट्रॉन आणि होल कामाला लागण्याआधीच पुन्हा एकमेकांना भेटून विझतात. चांदी इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेते आणि ऑक्सिजनच्या हवाली करते. तेवढा वेळ होल मोकळा राहतो. चांदीचं मुख्य काम ते हेच.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी १ टक्का चांदी चढवलेला टायटॅनिया करायचा आहे. भट्टी नाही, मोठी उपकरणं नाहीत. नेमकी कृती द्याल का? (विद्यार्थिनी, जळगाव)

भट्टीची गरजच नाही. प्रकाशानेच चांदी चढवता येते आणि आमच्या मते महाविद्यालयासाठी हीच पद्धत सर्वांत भरवशाची आहे.

१५७.५ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटरच्या मापन फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरा. या द्रावणाच्या १० मिलिलिटरमध्ये बरोबर १० मिलिग्रॅम चांदी असते. १ ग्रॅम टायटॅनियाला १ टक्क्याच्या हिशेबाने तेवढीच लागते. द्रावण तपकिरी बाटलीत ठेवा.

२५० मिलिलिटरच्या बीकरमध्ये ८० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी आणि १० मिलिलिटर मिथेनॉल घ्या. त्यात १ ग्रॅम टायटॅनिया टाकून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये १५ मिनिटं ठेवा. पी-२५ नावाने मिळणारी पूड असेल तर उत्तम, कारण जगभरातले बहुतेक निकाल तिच्याशी ताडून बघितले जातात. मग सिल्व्हर नायट्रेटचं १० मिलिलिटर द्रावण घाला, बीकरवर काळा कागद गुंडाळा आणि अर्धा तास मॅग्नेटिक स्टररवर ढवळा. याच वेळात नायट्रोजनचे बुडबुडे सोडत राहा. पाण्यातला ऑक्सिजन हा इलेक्ट्रॉनचा दुसरा गिऱ्हाईक आहे. तो राहिला तर चांदी हळू आणि असमान बसते. मिथेनॉल होल खाऊन टाकतं, त्यामुळे इलेक्ट्रॉन चांदीच्या आयनांसाठी मोकळे राहतात.

आता कागद काढून ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही-ए नळ्यांखाली, ढवळत ठेवून, एक ते दीड तास प्रकाश द्या. ८ वॅटच्या दोन नळ्या बीकरपासून पाच-सात सेंटिमीटरवर असल्या तरी काम होतं. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातली २५४ नॅनोमीटरची जंतुनाशक नळी मात्र वापरू नका. तिचा प्रकाश काचेच्या बीकरमधून आत जात नाही आणि उघडी ठेवली तर डोळ्यांना इजा करते. नळ्या नसतील तर दुपारचं ऊन चालेल, फक्त वेळ जास्त द्या.

काही मिनिटांतच दुधासारखं पांढरं द्रावण आधी किंचित जांभळट आणि मग करडं-तपकिरी होऊ लागतं. हा रंग चांदीच्या कणांचा. अर्ध्या तासानंतरही द्रावण पांढरंच राहिलं तर तीन गोष्टी तपासा: नळी खरोखर ३६५ नॅनोमीटरची आहे का, मिथेनॉल घातलं का आणि पाणी डिस्टिल्ड होतं का. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं. त्यात चांदी सिल्व्हर क्लोराइड होऊन खाली बसते. ते स्वतःही प्रकाशाला संवेदनशील असल्यामुळे पुढचे सगळे निकाल गढूळ करतं.

सेंट्रिफ्यूज करून पूड तीन वेळा पाण्याने आणि एकदा इथेनॉलने धुवा. पाण्याच्या शेवटच्या धुवणाचे २ मिलिलिटर परीक्षानळीत घेऊन त्यात मिठाच्या पाण्याचा एक थेंब टाका. पांढरी धुरकट झाक आली तर मोकळी चांदी अजून शिल्लक आहे, पुन्हा धुवा. पहिल्या धुवणातच दाट पांढरा गाळ आला तर चांदी पूर्ण चढलेली नाही. अशा वेळी ‘१ टक्का’ असं लिहू नका, धुवणात गेलेली चांदी मोजून वजा करा. पूड ७० अंशांवर रात्रभर वाळवा, अगेटच्या खलात हलक्या हाताने मोडा आणि तपकिरी बाटलीत भरा. ४००-५०० अंशांवर तापवण्याचा मोह टाळा. चांदीचे ठिपके एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि केलेली मेहनत वाया जाते.

काही कृतींमध्ये सोडियम बोरोहायड्राइडने चांदीचं क्षपण करतात. ते जलद आहे, पण चांदी टायटॅनियावर बसण्याऐवजी पाण्यातच स्वतंत्र कण करून तरंगू शकते. सेंट्रिफ्यूजनंतर वरचं पाणी पिवळं दिसलं की असंच झालं आहे असं समजा.

याच पद्धतीने, सिल्व्हर नायट्रेट न घालता, टायटॅनियाचा आणखी एक ग्रॅम तयार करून ठेवा. मिथेनॉल, प्रकाश, धुणं, वाळवणं सगळं तसंच. तुलना करायची ती याच्याशी. डब्यातून काढलेल्या कोऱ्या पुडीशी केलेली तुलना खरी नव्हे.

प्रश्न : १ टक्का चांदीने वेग वाढला म्हणून ५ टक्के चढवली, तर वेग साध्या टायटॅनियापेक्षाही कमी झाला. असं का? (संशोधक विद्यार्थी, पुणे)

याला ‘चांदीचा लेप’ म्हणतात, त्या शब्दानेच घोटाळा होतो. १ टक्का चांदीने कणावर पापुद्रा चढत नाही. हिशेब करून बघू. सुमारे २१ नॅनोमीटरचे टायटॅनियाचे कण धरले तर १ ग्रॅममध्ये साधारण ५ × १०^१६ कण भरतात. १० मिलिग्रॅम चांदीचे ५ नॅनोमीटरचे ठिपके केले तर ते होतात साधारण दीड × १०^१६. म्हणजे टायटॅनियाच्या तीन-चार कणांमागे चांदीचा एक ठिपका. १ ग्रॅम पी-२५चं पृष्ठफळ ५० चौरस मीटरच्या आसपास असतं आणि त्यातलं एक टक्कासुद्धा चांदीखाली जात नाही. एवढ्याशा चांदीनेच काम होतं.

५ टक्के घातल्यावर ठिपक्यांची संख्या पाचपट होईलच असं नाही, बरीचशी चांदी आधीच्या ठिपक्यांवर बसून त्यांना फुगवते. मोठ्या ठिपक्यांवर इलेक्ट्रॉन साचतात, ऋण भारामुळे होल तिकडे ओढले जातात आणि जिथे दोघांना वेगळं ठेवायचं तिथेच ते भेटू लागतात. शिवाय काळपट पूड प्रकाश अडवते. बहुतेक प्रयोगांत सर्वोत्तम प्रमाण ०.५ ते २ टक्क्यांमध्ये सापडतं. ०.२५, ०.५, १, १.५, २ आणि ३ टक्के असे सहा नमुने करा. नुसते १, ३ आणि ५ घेतले तर शिखर मधे कुठे होतं ते कळत नाही.

प्रश्न : मेथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा रंग ४० मिनिटांत ९५ टक्के गेला. ‘प्रदूषक ९५ टक्के नष्ट झाला’ असं लिहिता येईल का? (पदव्युत्तर विद्यार्थी, कोल्हापूर, असाच प्रश्न नांदेडहून एका प्राध्यापकांचाही)

नाही. ‘६६४ नॅनोमीटरवरचा ॲब्सॉर्बन्स (प्रकाश शोषण्याचं माप) ९५ टक्के घटला’ एवढंच लिहिता येईल. रंग तीन वेगळ्या कारणांनी जाऊ शकतो आणि त्यातलं एकच आपल्याला हवं असतं.

पहिलं कारण, रंग पुडीला चिकटला. मेथिलीन ब्लू धन भाराचा आहे. टायटॅनियाचं पृष्ठ साधारण ६.५ सामूच्या (पीएच) वर ऋण होतं, म्हणून उदासीन किंवा अल्कधर्मी पाण्यात रंग भरपूर चिकटतो. सेंट्रिफ्यूजनंतर तळाची पूड निळी दिसते का ते डोळ्यांनी बघा. यासाठीच प्रकाश लावण्याआधी अंधारात ढवळायचं असतं. ठरावीक ३० मिनिटं झाली म्हणून थांबू नका, दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेली दोन मापनं सारखी येईपर्यंत थांबा. शून्य वेळ तिथून धरायची. सामू बदलायचा असेल तर नायट्रिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड वापरा. हायड्रोक्लोरिक आम्लातलं क्लोराइड चांदीला धरतं.

दुसरं कारण, रंगाचं नुसतं क्षपण झालं. मेथिलीन ब्लूला इलेक्ट्रॉन मिळाले की तो रंगहीन ल्युको रूपात जातो. रेणू मोडत नाही, फक्त कपडे बदलतो. याची परीक्षा सोपी आहे: रंगहीन झालेलं द्रावण गाळून अर्ध्या भरलेल्या बाटलीत घ्या, झाकण लावून जोरात हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. वरच्या पृष्ठभागापासून निळसर झाक परत उतरू लागली तर रेणू शाबूत होता. ढवळणं कमी पडून पाण्यातला ऑक्सिजन संपला असेल किंवा पूड नीट न धुतल्यामुळे मिथेनॉल उरलं असेल, तर हे हमखास होतं. चांदीचे नॅनोकण आणि बोरोहायड्राइड यांनी दोन मिनिटांत रंग घालवण्याचे प्रयोग पुष्कळदा दाखवले जातात. तेही असंच क्षपण असतं. त्याला प्रकाशाने केलेलं विघटन म्हणू नये.

तिसरं, खरं विघटन. त्यातही पायऱ्या आहेत. रेणूवरचे मेथिल गट एकेक करून गळतात तसं ६६४ नॅनोमीटरचं शिखर आखूड तरंगलांबीकडे, ६५० आणि मग ६००च्या दिशेने सरकतं. फक्त ६६४वर मोजणाऱ्याला हे सरकणं ‘घट’ म्हणून दिसतं. म्हणून प्रत्येक नमुन्याचा २०० ते ८०० नॅनोमीटर असा पूर्ण आलेख घ्या. २४६ आणि २९२च्या आसपासची शिखरं तशीच उरली तर रेणूची कडी अजून तुटलेली नाही.

प्रयोगाची मांडणी अशी ठेवा. रंग लिटरला १० मिलिग्रॅम, द्रावण २०० मिलिलिटर, पूड १०० मिलिग्रॅम. शंभर मिलिलिटरने सुरुवात केली तर तीन-तीन मिलिलिटरचे सात नमुने काढल्यावर पातळी पाचव्या हिश्शाने उतरते आणि प्रकाशाचा मार्गच बदलतो. १० मिलिग्रॅमच्या द्रावणाचा ॲब्सॉर्बन्स दोनच्या वर जातो, म्हणून सगळे नमुने समान प्रमाणात पातळ करून मोजा. नमुना १०,००० फेऱ्यांवर दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. सिरिंज फिल्टर वापरणार असाल तर आधी नुसतं रंगाचं द्रावण त्यातून गाळून मोजा, कारण काही फिल्टर रंग स्वतःच पितात. पूड नीट वेगळी झाली नाही तर ८००वर ॲब्सॉर्बन्स शून्य येत नाही. ही खूण प्रत्येक आलेखात तपासा.

सोबत प्रकाश आहे पण पूड नाही, पूड आहे पण प्रकाश नाही आणि चांदीविना केलेली पूड व प्रकाश, या तिन्ही तुलना हव्यातच. हॅलोजन दिवा असेल तर बीकरभोवती वाहतं पाणी ठेवून तापमान २५-३० अंशांत धरा. नाहीतर पाणी आटतं आणि रंग वाढल्यासारखा दिसतो.

वेग काढताना सुरुवातीची संहती भागिले त्या वेळची संहती याचा नैसर्गिक लॉगॅरिदम वेळेसमोर मांडा. ४५ मिनिटांत संहती चौथ्या हिश्शावर आली तर वेगस्थिरांक मिनिटाला ०.०३०८ आणि अर्धआयुष्य साडेबावीस मिनिटं. टक्केवारीपेक्षा हा आकडा तुलनेला बरा.

आणि आता नांदेडच्या प्राध्यापकांचा मुद्दा: सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांच्या रासायनिक ऑक्सिडीभवनाला लागणारा ऑक्सिजन) मोजून विघटन सिद्ध करता येईल का? मेथिलीन ब्लूच्या एका रेणूचं पूर्ण खनिजीकरण करायला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, पाणी, नायट्रेट, सल्फेट आणि क्लोराइड होईपर्यंत, साडेपंचवीस ऑक्सिजन रेणू लागतात. १० मिलिग्रॅम रंगाला म्हणजे जेमतेम २५ मिलिग्रॅम ऑक्सिजन. डायक्रोमेटच्या नेहमीच्या सीओडी चाचणीत एवढ्या कमी पातळीवर विश्वासार्ह आकडा मिळत नाही. टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन मोजणारं) यंत्र उपलब्ध असेल तर तेच वापरा. १० मिलिग्रॅम रंगात कार्बन ६ मिलिग्रॅम असतो, तो किती उरला ते थेट कळतं. नसेल तर रंग लिटरला ५० मिलिग्रॅम घेऊन प्रयोग कित्येक तास चालवा आणि सीओडी मोजा. हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं असेल तर ते स्वतः सीओडी वाढवून दाखवतं, हे विसरू नका. रंग अर्ध्या तासात जातो आणि कार्बन तासन्‌तास रेंगाळतो, असंच चित्र दिसेल. ते लपवू नका. तोच तुमच्या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा आलेख आहे.

प्रश्न : टायटॅनियाऐवजी झिंक ऑक्साइड स्वस्त पडेल. चालेल का? (प्रयोगशाळा सहायक, सातारा)

चालेल, आणि पहिल्या फेरीत ते टायटॅनियाइतकंच, कधी जास्तही वेगवान दिसेल. पण ते आम्लात विरघळतं, तीव्र अल्कलीतही विरघळतं आणि अतिनील प्रकाशात त्याचे स्वतःचेच होल त्याला झिजवतात. सामू ७ ते ९मध्ये ठेवा. तीच पूड पाच वेळा वापरून पाचव्या फेरीचा आकडाही लिहा आणि गाळलेल्या पाण्यात झिंक किती उतरलं ते मोजा.

प्रश्न : चांदीमुळे ही पूड दृश्य प्रकाशात, साध्या एलईडीखालीही चालते असं वाचलं. खरं आहे का? (अध्यापक, ठाणे)

अंशतः. चांदीच्या नॅनोकणांतले इलेक्ट्रॉन ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला सामूहिक झोके घेतात. त्यातली काही ऊर्जा किंवा काही इलेक्ट्रॉन टायटॅनियाला मिळू शकतात. परिणाम खरा आहे, पण अतिनील प्रकाशातल्या कामाच्या मानाने तो क्षीण असतो.

दृश्य प्रकाशाच्या दाव्यांत दोन चुका वारंवार होतात. हॅलोजन किंवा झेनॉन दिव्यात थोडा अतिनील प्रकाश असतोच आणि सगळं काम तोच करून जातो. ४२० नॅनोमीटरचा कटऑफ फिल्टर नसेल तर दिवा आणि बीकर यांच्यामध्ये एक सेंटिमीटर जाडीच्या काचेच्या कप्प्यात सोडियम नायट्राइटचं द्रावण ठेवा, लिटरला ६९ ग्रॅम. ते ४००च्या खालचा प्रकाश अडवतं. नायट्राइट विषारी आहे, लेबल लावा आणि कप्पा गळका नाही याची खात्री करा.

दुसरी चूक जास्त फसवी. मेथिलीन ब्लू आणि ऱ्होडामिन बी हे रंग दृश्य प्रकाश स्वतः शोषतात आणि स्वतःचा इलेक्ट्रॉन टायटॅनियाला देऊन टाकतात. मग रंग स्वतःच्याच प्रकाशशोषणाने मोडतो, उत्प्रेरक नुसता इलेक्ट्रॉन घेणारा असतो. बिनचांदीची पूडही असंच करते. म्हणून दृश्य प्रकाशाचा दावा करायचा तर प्रदूषक रंगहीन घ्या: फिनॉल, लिटरला २० मिलिग्रॅम. २७० नॅनोमीटरवर नुसतं मोजून भागणार नाही, कारण कॅटेकॉल आणि हायड्रोक्विनोन हे मधले तुकडे तिथेच डोकावतात. एचपीएलसी (द्रावणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) नसेल तर ४-अमिनोअँटिपायरिन आणि पोटॅशियम फेरीसायनाइड घालून येणारा रंग ५१० नॅनोमीटरवर मोजा. मेथिलीन ब्लू वापरून प्रकाशउत्प्रेरक पृष्ठभाग तपासण्याचं आयएसओ १०६७८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि तेही चाचणी अतिनील प्रकाशातच घ्यायला सांगतं.

प्रश्न : आमचं सुती कापडाचं प्रोसेस हाऊस आहे. ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात) ही पूड टाकून रंग आणि सीओडी दोन्ही उतरवता येतील का? उघड्या टाक्या आहेत, ऊन भरपूर आहे. (व्यवस्थापक, इचलकरंजी)

मुख्य प्रक्रिया म्हणून नाही. पैसे गुंतवण्याआधी हा हिशेब बघा.

समजा पाण्याचा सीओडी लिटरला १,००० मिलिग्रॅम आहे, म्हणजे एका घनमीटरला १ किलो ऑक्सिजन. एवढं ऑक्सिडीभवन करायला १२५ मोल इलेक्ट्रॉन हलवावे लागतात. ३६५ नॅनोमीटरच्या एक मोल फोटॉनची ऊर्जा ०.०९१ युनिट. प्रत्येक फोटॉन कामी आला असता तर साडेअकरा युनिटांत भागलं असतं. पण शंभरातला एकच फोटॉन कामी येतो असं धरलं, आणि पाण्यात तरंगणाऱ्या पुडीसाठी ते काही फार निराशावादी नाही, तर घनमीटरला ११०० युनिटांपेक्षा जास्त प्रकाश लागेल. एलईडीने विजेचं प्रकाशात रूपांतर करताना होणारा तोटा वेगळाच. तेवढाच सीओडी एरेशन टाकीतले, म्हणजे हवा खेळवण्याच्या टाकीतले, जिवाणू एखाद-दोन युनिटांच्या हवेवर खातात.

उन्हाचं बघू. सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम ४-५ टक्के असतो. चौरस मीटरला ४० वॅट धरून सहा तास ऊन मिळालं, तर वरच्याच गणिताने एक चौरस मीटर टाकी दिवसाला ०.२ ग्रॅम सीओडी उतरवेल. एक किलोला एका एकरापेक्षा जास्त जागा. रंगीत पाण्यात तर प्रकाश वरच्या थरातच संपतो, खालची पूड अंधारात बसून राहते.

त्यात रिॲक्टिव्ह रंगाईचं (धाग्याशी रासायनिक बंध करणाऱ्या रंगांचं) पाणी. रंगाईच्या बाथमध्ये मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) लिटरला ५० ग्रॅम आणि वर, शिवाय सोडा ॲश. क्लोराइड आणि कार्बोनेट हे दोन्ही हायड्रॉक्सिल मूलक स्वतःच गिळतात. चांदीचं सिल्व्हर क्लोराइड होतं ते वेगळं. सामू १०-११ असताना टायटॅनियाचं पृष्ठ ऋण असतं आणि रिॲक्टिव्ह रंगही ऋणच, म्हणजे दोघं एकमेकांना ढकलतात. साईझिंगचा (सुताला खळ देण्याचा) स्टार्च आणि पीव्हीए पृष्ठभागावर बसून उरलेली जागाही अडवतात. प्रयोगशाळेत डिस्टिल्ड पाण्यातल्या रंगावर मिळालेला वेग इथे दहाव्या हिश्शावर आला तरी नवल नाही.

चांदीचा आणखी एक धोका आहे. १ टक्का चांदीची पूड लिटरला अर्धा ग्रॅम घातली म्हणजे घनमीटरला ५ ग्रॅम चांदी. त्यातली फक्त २ टक्के सुटली तरी पाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅम चांदी येते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने घातलेली मर्यादाच तेवढी आहे. चांदीचे आयन जिवाणूंना मारतात, म्हणून ही पूड जैविक टाकीच्या आधी कधीही घालू नका. स्वस्तात काम करणारे तुमचे जिवाणूच मरून बसतील.

मग उपयोग कुठे? जैविक प्रक्रिया, गाळण आणि शक्य तर क्षार काढणं झाल्यानंतर, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात थोडंसं, पण जिवाणूंना न पचणारं काही उरलं असेल तिथे. स्पेनमधल्या अल्मेरियाच्या सौर संशोधन केंद्रात अशाच विरळ आणि हट्टी प्रदूषकांवर, उदाहरणार्थ कीटकनाशकांवर, परावर्तकांच्या कुशीत बसवलेल्या काचेच्या नळ्यांतून पाणी फिरवून अनेक वर्षं काम झालं आहे. तुमच्यासाठी आमचा सल्ला असा: एकत्र होणारे सांडपाण्याचे प्रवाह आधी वेगळे करा, मीठवाला बाथ वेगळा काढा, एरेशन टाकीतला ऑक्सिजन दर पाळीत मोजा. लिटरला सीओडी २५० आणि बीओडी (जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) ३० मिलिग्रॅमच्या मर्यादेत येण्यासाठी खर्च केलेला प्रत्येक रुपया तिथे जास्त फळ देईल. पंचगंगेत जाणाऱ्या पाण्याच्या बाबतीत नव्या पुडीची आशा दाखवून जुनी दुरुस्ती लांबवणं आम्हाला मान्य नाही.

प्रश्न : पूड पाण्यातून परत कशी काढायची? काचेवर बसवता येईल का? (विद्यार्थी, सोलापूर)

परत काढायची सोपी युक्ती म्हणजे सामू ६.५च्या आसपास आणून भांडं रात्रभर स्थिर ठेवणं. त्या सामूला कणांवरचा भार जवळजवळ शून्य होतो, ते एकमेकांना चिकटून खाली बसतात. वरचं पाणी नळीने हळूच ओढून घ्या. अगदी बारीक कण तरीही उरतात, ते फिल्टरनेच जातात. दर फेरीत वाळलेल्या पुडीचं वजन करा. वेग कमी झाला तो पूड हरवल्यामुळे की चांदी सुटल्यामुळे, हे त्याशिवाय कळत नाही.

काचेवर बसवायचं तर सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी एमरी कागदाने घासून खडबडीत करा. २ ग्रॅम टायटॅनियात ५ टक्के ॲसिटिक आम्लाचे ४ मिलिलिटर थेंबाथेंबाने घालत खलात घोटा, लोण्यासारखा लगदा झाला पाहिजे. पट्टीच्या दोन कडांना चिकटपट्टी लावून काचेच्या दांड्याने लगदा सपाट ओढा, वाळू द्या, चिकटपट्टी काढून ४५० अंशांवर अर्धा तास भाजा. थर जाड झाला तर वाळतानाच भेगा पडतात आणि पाण्यात पापुद्रे सुटतात. तसं झालं तर लगद्यात पाणी वाढवून पातळ थर द्या. चांदी भाजल्यानंतर चढवायची: पट्टी पाणी-मिथेनॉलमधल्या सिल्व्हर नायट्रेटच्या विरळ द्रावणात बुडवून प्रकाश द्या, थर करडा होताच काढून धुवा. तरंगत्या पुडीपेक्षा वेग बराच कमी येईल, कारण प्रदूषकाला पट्टीपर्यंत चालत यावं लागतं. ढवळणं वाढवून बघा. वेग वाढला तर अडचण त्या वाटचालीचीच होती.

प्रश्न : हाताळताना आणि उरलेलं टाकताना काय काळजी घ्यायची? (प्राध्यापिका, मडगाव)

कोरडी नॅनोपूड हवेत उडू देऊ नका. श्वासातून जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या धुळीला कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘माणसात कर्करोगाची शक्यता’ या २-बी गटात ठेवलं आहे. वजन करताना पंखा बंद, तोंडावर एन-९५, आणि सांडलं तर झाडू न मारता ओल्या कापडाने पुसा. यूव्ही नळी चालू असताना अतिनील अडवणारा पॉलिकार्बोनेटचा चष्मा हवाच. सिल्व्हर नायट्रेटचे डाग हातावर लगेच दिसत नाहीत, काही तासांनी उजेडात काळे पडतात आणि आठवडाभर राहतात, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घाला. बोरोहायड्राइड वापरत असाल तर भांडं बंद करू नका, हायड्रोजन निघत असतो.

चांदीचं कोणतंही द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. सगळी धुवणं एका तपकिरी बाटलीत जमवा, त्यात मीठ घाला आणि दोन दिवसांनी तळाचा सिल्व्हर क्लोराइड गाळून वेगळा ठेवा. महाविद्यालयाच्या घातक कचऱ्यासोबत तो द्या किंवा चांदी परत मिळवण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घ्या. एक गोष्ट मात्र काटेकोर पाळा: चांदीच्या या बाटलीत अमोनिया कधीही जाता कामा नये. अमोनिया मिसळलेलं चांदीचं द्रावण ठेवून दिलं की त्यात हलक्या धक्क्यानेही स्फोट होणारा काळा साका तयार होऊ शकतो. चांदी चढवण्याच्या काही कृतींत टॉलेन्स अभिकारक (अमोनिया मिसळलेलं सिल्व्हर नायट्रेट) असतो. तो लागेल तेवढाच, त्याच वेळी करा आणि उरलेला त्याच दिवशी विरळ नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करून मगच बाटलीत टाका.